पुस्तकचोरीला आळा कसा घालावा : नव्या मराठी प्रकाशकांसाठी मार्गदर्शक

नव्याने प्रकाशन व्यवसायात उतरलेल्या माणसाला पुस्तकचोरीची पहिली वर्दी बहुधा एखादा चाहताच देतो. पुस्तक फार आवडल्याचे तो मनापासून कळवतो आणि त्याची पीडीएफ अमुक समूहावर मिळाली, हेही तितक्याच निरागसपणे सांगतो. अशा वेळी संतापून समाजमाध्यमावर लिहिल्याने हाती काही लागत नाही. उलट ती फाइल कुठे मिळते याची जाहिरात मात्र होते. चोरी पूर्णपणे थांबवणे कोणत्याही प्रकाशकाच्या आवाक्यात नाही. मात्र चोरणाऱ्याचा नफा कमी करणे, त्याची जोखीम वाढवणे आणि खरी प्रत वाचकाच्या हाताशी ठेवणे त्याला नक्कीच जमण्यासारखे आहे, आणि यातली बहुतेक कामे पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच करायची असतात.

मराठीत ही चोरी निरनिराळ्या वाटांनी होते. भरपूर खपणाऱ्या पुस्तकांच्या, त्यातही अनुवादित व्यक्तिमत्त्वविकासपर पुस्तकांच्या, ऑफसेटवर छापलेल्या बनावट आवृत्त्या मोठ्या शहरांतील पदपथांवर आणि कधीकधी ऑनलाइन बाजारातही अगदी कमी किमतीत विकल्या जातात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती स्पायरल बांधणी करून अभ्यासिकांच्या परिसरात मिळतात. कथा, कादंबऱ्या, चरित्रे स्कॅन होऊन टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने व ग्रंथालये बंद असताना हा ओघ फार वाढला. चौथी वाट आपल्याच साखळीतून जाते आणि तिच्याविषयी व्यवसायात दबक्या आवाजातच बोलले जाते: छापखान्यात मारलेल्या जादा प्रती, किंवा कुणाच्या तरी संगणकावरून बाहेर गेलेली मूळ फाइल.

पहिले पाऊल : हक्क कागदावर आणावेत

चोराविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी ‘हे पुस्तक तुमचे कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर हातात असावे लागते. पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि ऑनलाइन मंचाच्या तक्रार-अर्जातही सर्वांत आधी हेच विचारले जाते, आणि केवळ तोंडी विश्वासावर पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाची गाडी नेमकी इथेच अडते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्कदाराच्या सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या एका पानी करारात मुदतीचा उल्लेख नसेल, तर ज्या पुस्तकासाठी आपण भांडायला निघालो त्यावर आपला हक्क आज उरलेलाच नाही, असेही निघू शकते.

डिजिटल हक्कांची गोष्ट आणखी नाजूक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरवले, की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानता येत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत म्हणूनच लेखकाशी किंवा वारसांशी पुरवणी करार करून ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि मागणीनुसार छपाई या तिन्हींची नावे घेऊन हक्क लिहून घ्यावेत. संपूर्ण हस्तांतरण लेखकाला मान्य नसेल, तर अनन्य परवाना (तो हक्क फक्त आपल्यालाच वापरता येईल अशी परवानगी) घ्यावा. कलम ५४ नुसार असा परवानाधारकही दिवाणी दावा लावू शकतो. मुखपृष्ठाचे चित्र, आतील रेखाटने आणि अनुवाद यांसाठी स्वतंत्र लेखी करार असावेत. अनुवादित पुस्तकाच्या मूळ परदेशी कराराची मुदत संपत तर आली नाही ना, हे दरवर्षी तपासावे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. तरीही निवडक, खपाच्या पुस्तकांची नोंदणी करून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साहित्यकृतीसाठी शुल्क पाचशे रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि कलम ४८ मुळे नोंदवहीतील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. पंचनाम्याला निघालेल्या उपनिरीक्षकाला करारातील कलमे समजावत बसण्यापेक्षा प्रमाणपत्र पुढे ठेवणे केव्हाही सोपे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि चेन्नई व दिल्लीची ग्रंथालये यांना प्रत पाठवावी लागते. ते टाळणारे प्रकाशक पुष्कळ आहेत, पण त्या पोचपावत्या प्रकाशनाच्या तारखेचा उत्तम पुरावा असतात.

आपण दुसऱ्यावर चोरीचा आरोप करतो तेव्हा पुस्तक अजून कॉपीराइटखाली आहे का, हेही पाहावे. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ पासून कुणालाही छापता येतात. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत टिकतात. मुक्त झालेल्या पुस्तकावर आपली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ एवढ्यावरच आपला दावा चालतो. हक्क नसताना धमकीच्या नोटिसा पाठवणाऱ्याविरुद्ध समोरच्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली दावा लावता येतो, हे उत्साही वकिलालाही आठवण करून देण्यासारखे आहे.

दुसरे पाऊल : छापखान्याचा हिशेब

जादा छपाई रोखण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे कागद आपण स्वतः पुरवणे आणि त्याचा हिशेब आपल्याला येणे. डेमी अष्टपत्री आकाराचे २५६ पानांचे पुस्तक २३ × ३६ इंची कागदावर छापायचे तर एका कागदात दोन्ही बाजू मिळून ३२ पाने बसतात. एका प्रतीला आठ कागद लागतात आणि हजार प्रतींना आठ हजार, म्हणजे पाचशे कागदांची सोळा रिमे. यावर छपाई व बांधणीतील नासधूस म्हणून किती टक्के द्यायचे, ते आधीच लेखी ठरवावे. कागदासह सगळेच काम छापखान्यावर सोपवले, की बिलावर हजार प्रती दिसतात आणि प्रत्यक्षात किती छापल्या ते छापखान्यालाच ठाऊक असते.

छपाईच्या करारात प्रतींची संख्या, प्लेट (छपाईचे पत्रे) कुणाच्या ताब्यात राहतील, खराब फर्मे (छापून घडी घातलेले पानांचे गट) कसे नष्ट करायचे आणि छापून झाल्यावर फाइल पुसून टाकायची, या चार गोष्टी लिहाव्यात. काम दुसऱ्या छापखान्याकडे किंवा बाहेरच्या बाइंडरकडे द्यायचे झाल्यास आपली परवानगी घ्यावी, अशीही अट घालावी, कारण प्रती गळतात त्या बऱ्याचदा बांधणीच्या टप्प्यावर. छापखान्याच्या मालकाला हा अविश्वास वाटू नये म्हणून सर्वच पुस्तकांसाठी एकच छापील मसुदा वापरावा.

तिसरे पाऊल : प्रतीवरच्या खुणा

खुणा दोन प्रकारच्या असाव्यात. वाचकाला व दुकानदाराला दिसणारी खूण नक्कल करायला खर्चिक हवी: मुखपृष्ठावरील उठावाचे अक्षर, सोनेरी फॉइल, स्पॉट यूव्ही (ठरावीक भागापुरता चकचकीत लेप), किंवा साध्या पांढऱ्याऐवजी वेगळ्या छटेचा कागद. बनावट आवृत्ती काढणारा खर्च वाचवण्यासाठीच धंद्यात असतो, त्यामुळे ही कामे तो गाळतो किंवा फॉइलच्या जागी पिवळी शाई वापरतो. होलोग्रामच्या चिकटपट्ट्यांविषयी मी साशंक आहे, कारण होलोग्रामही बाजारात बनवून मिळतात आणि वाचक ते क्वचितच निरखून पाहतो. दोनशे रुपयांच्या कवितासंग्रहाला त्यांची गरज नाही. हजारोंनी खपणाऱ्या परीक्षोपयोगी पुस्तकावर मात्र प्रत्येक प्रतीला वेगळा, खरवडून पाहायचा क्यूआर संकेत द्यावा आणि तो तपासणाऱ्या विद्यार्थ्याला काहीतरी लाभ, उदाहरणार्थ सराव-प्रश्नपत्रिका किंवा ताज्या चालू घडामोडींची पुरवणी, मिळेल असे करावे. नुसते ‘खरी प्रत ओळखा’ एवढ्यासाठी कुणी मोबाइल काढत नाही.

दुसरी खूण आपल्यालाच माहीत असलेली असावी. एखाद्या ठरावीक पानावर रेषेची जाडी किंचित कमी ठेवणे, पृष्ठक्रमांकाजवळ सूक्ष्म ठिपका देणे, आणि प्रत्येक पुनर्मुद्रणात त्याची जागा बदलणे. बनावट प्रत हाती आली, की ती कोणत्या आवृत्तीवरून उचलली हे यावरून कळते. मूळ फाइलमधूनच छापली असेल तर तेही कळते, कारण स्कॅन करून छापलेल्या मजकुरात जोडाक्षरांचे पाय, रफार आणि अनुस्वार भरून किंवा तुटून आलेले असतात, तर फाइलवरून छापलेला मजकूर स्वच्छ असतो. स्वच्छ मजकुराची बनावट प्रत दिसली, तर शोध पदपथावर नव्हे, घरातच सुरू करावा.

चौथे पाऊल : खरे पुस्तक मिळत राहिले पाहिजे

या पावलाला कायद्यापेक्षाही अधिक वेळ द्यावा. ज्यांच्या पीडीएफ फिरतात त्यांतील कितीतरी मराठी पुस्तके वर्षानुवर्षे छापलीच गेलेली नसतात. अकराशे प्रतींची आवृत्ती संपते, पुढची निघत नाही, आणि मग कुणी ग्रंथप्रेमी आपल्याकडील प्रत स्कॅन करून ‘दुर्मिळ’ म्हणून टाकतो. त्याला आपण चोरी करतो असे वाटतही नाही, आणि त्याच्याशी भांडून प्रकाशकाची शोभा होत नाही. मागणीनुसार छपाईमुळे आता पन्नास-शंभर प्रतींची छोटी आवृत्ती काढणे शक्य झाले आहे. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, किंमतही थोडी चढी ठेवावी लागते, पण ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर पुसले जाते. पुनर्मुद्रण करायचेच नसेल तर हक्क लेखकाला सन्मानाने परत करावेत.

परदेशातील मराठी वाचकाचा विचार वेगळा करावा लागतो. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्याला तीनशे रुपयांच्या पुस्तकासाठी टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त पडतो, त्यामुळे फुकट पीडीएफ ही त्याची अनेकदा नाइलाजाची निवड असते. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, बुकगंगासारख्या देशी मंचावरही मराठी ई-पुस्तके आहेत, आणि श्राव्य पुस्तकांची बाजारपेठही उभी राहिली आहे. छापील पुस्तकानंतर दोन-तीन वर्षांनी ई-पुस्तक काढण्याची सवय सोडून ते पहिल्या काही आठवड्यांतच द्यावे. ई-पुस्तकामुळे छापील खप बुडेल, ही भीती मला अवाजवी वाटते. ई-पुस्तक आपण दिले नाही तर दुसरा कुणीतरी देतोच, आणि त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

येथे एक तांत्रिक अडचण आहे. आपल्याकडील पुष्कळ जुनी पुस्तके श्रीलिपी किंवा आयएसएम या अक्षरजुळणीच्या प्रणालींच्या जुन्या टंकांत, म्हणजे युनिकोड ही सर्व उपकरणांवर चालणारी अक्षरसंहिता रुळण्यापूर्वीच्या टंकांत, जुळवलेली असतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर रफार, जोडाक्षरे, ऋकार बिघडतात आणि पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. हा खर्च एकदाच आहे, पण तो टाळून घाईने काढलेले ई-पुस्तक चोरट्या स्कॅनपेक्षाही वाचायला वाईट असते, आणि मग विकत घेणाऱ्याला आपण काय दिले, हा प्रश्न उरतो.

सार्वजनिक ग्रंथालयांकडेही लक्ष हवे. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत आणि वर्षअखेरीस अनुदान खर्च करताना ती जास्तीत जास्त सवलत देणाऱ्या पुरवठादाराकडे वळतात. ती सवलत प्रकाशक दुकानदारांना देतो त्या व्यापारी सवलतीहूनही अधिक असेल, तर त्या गठ्ठ्यात बनावट प्रती असण्याची दाट शक्यता असते. आपल्या अधिकृत वितरकांची यादी ग्रंथालयांना पाठवावी आणि ग्रंथपालाला थेट खरेदीची सोय द्यावी.

पाचवे पाऊल : फाइलची शिस्त

छपाईसाठी तयार झालेली फाइल किती जणांकडे जाते, हे एकदा कागदावर मांडावे. अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार, छापखाना, प्रस्तावनाकार, परीक्षणकर्ते आणि खुद्द लेखक. यांतील लेखक हा सर्वांत मोकळ्या हाताचा असतो. मित्रांना ‘वाचून अभिप्राय द्या’ म्हणून तो पुस्तक पाठवतो आणि ते आठवड्याभरात अनोळखी समूहावर पोहोचते. करारात याविषयी एक कलम घालावे, पण त्याहून उपयुक्त म्हणजे लेखकाला देण्यासाठी निराळी, कमी दर्जाची आणि प्रत्येक पानावर पाणखूण असलेली प्रत तयार ठेवावी. परीक्षणासाठी शक्यतो छापील पुस्तकच पाठवावे. फाइल द्यावीच लागली तर पानापानावर घेणाऱ्याचे नाव फिक्या अक्षरांत टाकावे.

ई-पुस्तकाला कुलूप लावायचे की नाही, यावर जगभर मतभेद आहेत. तांत्रिक कुलूप निष्णात चोराला थोपवत नाही, मात्र पुस्तक एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेऊ पाहणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाला त्याचा त्रास होतो. मोठ्या मंचावर विकताना मंचाचे संरक्षण चालू ठेवावे, कारण त्यासाठी आपल्याला वेगळे काही करावे लागत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकताना मात्र खरेदीदाराचे नाव व मागणी क्रमांक आत छापलेली, बाकी मोकळी फाइल द्यावी. आपले नाव असलेली फाइल समूहात टाकताना माणूस कचरतो. कायद्याचेही पाठबळ आहे: संरक्षक तंत्र मोडणे आणि हक्कांविषयीची माहिती पुसणे हे कलम ६५ अ व ६५ ब खाली गुन्हे आहेत, आणि दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सहावे पाऊल : पाळत आणि नोटीस

महिन्यातून एकदा ठरावीक दिवशी शोध घ्यावा. चोरट्या पीडीएफ बहुतेक चित्ररूप असतात, त्यामुळे मजकुरातील वाक्य शोधून काही सापडत नाही. पुस्तकाचे व लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, शक्य त्या सर्व चुकीच्या स्पेलिंगांसह शोधावे. टेलिग्रामचा अंतर्गत शोध, फेसबुकवरील वाचकगट, इंटरनेट अर्काइव्ह, स्क्रिब्ड आणि ऑनलाइन दुकाने ही पाहायची ठिकाणे. सापडलेल्या प्रत्येक दुव्याचा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि फाइल उतरवून तशीच ठेवावी. पुढे न्यायालयात जायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

फाइल काढून टाकायला लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला भारतीय कायद्याचा: कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार केल्यास मध्यस्थ मंचाने (इतरांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने किंवा अ‍ॅपने) ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो, आणि दावा लावण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे गूगल, फेसबुक, टेलिग्राम आदी मंचांचे स्वतःचे कॉपीराइट तक्रार-अर्ज. ते अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेले आहेत आणि त्यांसाठी लगेच दावा लावावा लागत नाही. छोट्या प्रकाशकाने सुरुवात दुसऱ्यापासून करावी. अर्जात नेमका दुवा, पुस्तकाचे वर्णन आणि आपल्या हक्काचा आधार नीट लिहावा. ‘माझी सगळी पुस्तके या वाहिनीवर आहेत’ अशा मोघम तक्रारीवर काही होत नाही. तीच फाइल पुन्हा येते तेव्हा तोच मसुदा पुन्हा पाठवावा. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते कार्यालयातील एका व्यक्तीकडे सोपवलेले बरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. तेथे समूहचालकाला सभ्य भाषेत, खरेदीचा दुवा जोडून लिहिणे हाच उपाय आहे. टेलिग्राम वाहिनीमागील माणूस ‘अज्ञात’ राहतो, ही समजूत मात्र आता जुनी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या अभ्याससाहित्याच्या प्रकरणात वाहिनीचालकांचे फोन क्रमांक, आयपी पत्ते व ईमेल उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला होता.

सातवे पाऊल : झेरॉक्स

येथे कायदा पूर्णपणे प्रकाशकाच्या बाजूने नाही, हे जाणून पाऊल टाकावे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असे म्हटले, की अध्यापनासाठी पुस्तकांतील उतारे एकत्र करून देणे कलम ५२ च्या अपवादात बसते. संपूर्ण पुस्तकांच्या प्रती काढल्याचा मुद्दा खंडपीठाने पुरावा घेऊन ठरवण्यासाठी परत पाठवला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणून दोन प्रकरणांची झेरॉक्स काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेला जाऊ नये. परीक्षेच्या हंगामात पूर्ण पुस्तकाचे बांधलेले संच रचून विकणारा दुकानदार हा वेगळा, आणि तक्रार त्याच्याविरुद्धच करावी. विद्यार्थ्यासाठी पुस्तकाचे स्वस्त, विषयवार भाग काढणे जास्त फलदायी ठरते.

आठवे पाऊल : पोलीस तक्रार

बनावट छापील प्रत दिसल्यास दुकानदाराशी वाद न घालता ती विकत घ्यावी, शक्य तर पावती घ्यावी, आणि मूळ प्रतीशी तुलना करून कागद, बांधणी, मुखपृष्ठ व गुप्त खूण यांतील फरकांचा तक्ता करावा. करार, नोंदणी प्रमाणपत्र, आपल्या प्रतिनिधीचे अधिकारपत्र आणि हा तक्ता घेऊन पोलीस ठाण्यात जावे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि तो दखलपात्र (पोलिसांना स्वतःहून कारवाई करता येईल असा) व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून परत पाठवले गेल्यास तो निकाल दाखवावा. कलम ६४ खाली उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि प्लेट जप्त करू शकतो.

पदपथावरचा विक्रेता हा शेवटचा दुवा असतो. त्याच्याकडील वीस प्रती जप्त करून बातमी होते, पण छपाई चालूच राहते. त्याच्याकडे माल कुठून येतो ते आधी शोधून गोदामाची माहिती घेऊन जाणे इष्ट, आणि यासाठी एकट्याने धावपळ करण्यापेक्षा ज्यांची पुस्तके त्याच ढिगात आहेत अशा प्रकाशकांनी एकत्र तक्रार करावी. अखिल भारतीय मराठी प्रकाशक संघ आणि मराठी प्रकाशक परिषद या संस्थांच्या माध्यमातूनही हे करता येते. तडजोडीचा प्रस्ताव आल्यास पुरवठादाराचे नाव आणि लेखी हमी मिळाल्याशिवाय तो स्वीकारू नये. मोठ्या प्रकरणात आपल्या जिल्ह्यातच मनाई हुकमासाठी दावा लावता येतो, कारण कलम ६२ नुसार वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायालयाला अधिकार असतो.

खटला संपताना जप्त प्रती आपल्या ताब्यात द्याव्यात, अशी मागणी कलम ६६ खाली करावी. आरोपी सुटला तरी न्यायालय तसा आदेश देऊ शकते. त्या प्रती रद्दीवाल्याला न देता आपल्या माणसादेखत लगद्यासाठी कागद गिरणीत पाठवाव्यात आणि वजनाची पावती फाइलला लावावी, कारण रद्दीत गेलेला गठ्ठा पुन्हा विक्रीला येतो.